लाडकीबाईचा मांडव

मोखाड्यात राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी एका भोपळ्याच्या लग्नाला हजर राहिले. आमंत्रण नव्हतं. दात घासायला मागच्या ओट्यावर आले, तर कुंपणापलीकडच्या मांडवाखाली एक म्हातारी टाचा उंचावून उभी होती. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात पिवळंधमक फूल, आणि ती वेलाकडे तोंड करून चक्क गात होती. मी चूळ टाकणार एवढ्यात तिनं मान न वळवता हात वर केला.

"थुकू नको आता. लगीन चाललाय."

मी तोंडातला फेस तोंडातच धरून उभी राहिले. सरकारी नोकरीत पुष्कळ कार्यक्रमांना ताटकळले आहे, पण पेस्ट तोंडात घेऊन कधीच नाही. गाणं संपलं. तिनं हातातलं फूल वेलावरच्या दुसऱ्या एका फुलात हलकेच घोळवलं, मग बाजूला टाकून दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "थुक आता."

ही लाडकीबाई. लाडकी हे तिचं पाळण्यातलं नाव. मध्यंतरी सरकारनं बायकांसाठी तिच्या नावाची योजना काढली, तेव्हा तिला फारसं आश्चर्य वाटलं नाही. "कोनीतरी सांगितला असल तठं," एवढंच म्हणाली. वय विचारलं तर आधारकार्ड दाखवते आणि लगेच बजावते की ते वय कार्डवाल्या सायबानं घातलेलं आहे, आपलं नाही. आपलं कुठलं, ते सांगत नाही.

मी मूळची बार्शीकडची. बदली होऊन इथल्या एका कचेरीत आले आणि गावाच्या कडेला, पाड्याला लागून असलेल्या कमलच्या घरात मागची खोली भाड्यानं घेतली. कमल माझी घरमालकीण. तिच्या आणि लाडकीबाईच्या घरांच्या मध्ये एक कुडाचं कुंपण आहे आणि त्या कुंपणावरून लाडकीबाईचा भोपळा कमलच्या हद्दीत येतो. नवरा लातूरला नोकरीत असल्यामुळे मी आठवडाभर एकटी असते. त्यामुळे इच्छा असो वा नसो, पुढे कितीतरी लग्नांना मला हजर राहावं लागलं.

भोपळ्याच्या वेलाला फुलं दोन जातींची येतात, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक नुसतंच लांब दांड्यावर डोलणारं, तो नवरा. दुसऱ्या फुलाच्या बुडाशी गोटीएवढा भोपळा आधीपासूनच असतो, ती नवरी. "नवरी लेकरू कडेवर घेऊनच येते," लाडकीबाई सांगते. "लगीन लागला तं लेकरू वाढतो. नाय लागला तं पिवला पडून गलतो." दोन्ही फुलं पहाटे उमलतात आणि उन्हं चढली की मिटतात ती कायमची. एवढ्या अवधीत कुणीतरी नवऱ्याचा पराग नवरीपर्यंत पोचवायचा असतो. जगात सगळीकडे हे काम माश्या आणि भुंगे करतात. पण मोखाड्याचा पाऊस एकदा बसला की माशी काही घराबाहेर पडत नाही. मग लाडकीबाई पडते.

नवऱ्याचं फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून टाकायच्या, याला ती "पागोटा उतरवायचा" म्हणते, आणि आतला पिवळा दांडा नवरीच्या फुलात फिरवायचा. हे कुणीही करेल. तिचं वेगळेपण असं की ती गाण्याशिवाय हे करत नाही.

"ऊठ गं नवरी, पानाआड कां,
आला गं नवरा, पिवला पागोटा."

रोजच्या लग्नाला एवढंच. घाईच्या दिवशी यातलंही अर्धं. गाणं झालं की हातातला नवरा टाकून द्यायचा आणि म्हणायचं, "नवरा एका सकालचा." हे वाक्य ती इतक्या सहजपणे म्हणते की पहिले काही दिवस मला तो गाण्याचाच भाग वाटला होता. माझा नवरा शनिवारी येतो नि रविवारी जातो हे कळल्यावर तिनं त्यातही दुरुस्ती केली. "तुझा नवरा शनवारचा," ती म्हणाली. "बराय तुझा."

लग्न लावलं की चार-पाच दिवसांनी तपासणी. पान वर करून बघायचं आणि विचारायचं, "धरला कं?" बुडाचा भोपळा फुगू लागला असला की धरला. हा शब्द तिच्या तोंडात इतका बसला आहे की तो सगळीकडे चालतो. माझ्या विरजणाला "दही धरला कं?", रजेच्या अर्जाला "सायबानं धरला कं?", खोडाळ्याच्या जीपमध्ये जागा मिळाली की नाही यालाही तेच. एकदा माझी सासू राहायला आली होती. तिच्यादेखत लाडकीबाईनं माझ्याकडे बघत हाच प्रश्न विचारला तेव्हा मात्र मी विषय बदलला.

माश्यांशी तिचं वैर नाही, पण धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याविषयी असतो तसा एक आकस आहे. "त्या बिनगान्याच्या," ती म्हणते. आल्या, बसल्या, गेल्या. ना बोलावणं, ना मान, ना पान. माशीनं लावलेल्या लग्नाचा भोपळा पानचट निघतो असं तिचं ठाम मत आहे, आणि गायलेला नि न गायलेला भोपळा ती चवीवरून ओळखते. मी एकदा दोन भाज्या करून परीक्षा घेतली. दोन्ही वेळा चुकली. "मीठ जास्त टाकलास तू," म्हणाली. दुधीच्या वाटेला ती जात नाही. दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलतं. "त्याचा लगीन रातचा. ते पाकोली लावते, रातचा पाखरू. मना सकालची कामा हायत."

शेतकी खात्याचा एक तरुण माणूस पाड्यावर आला होता. त्यानं तिचं काम पाहिलं, खूश झाला, आणि याला कृत्रिम परागीकरण म्हणतात, फार उत्तम, असं म्हणाला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यात गाना असतो कं?"

"नाही आजी. गाण्याची गरज नसते."

"मंग ते माशीचा काम," ती म्हणाली आणि त्याला चहा दिला.

फुलांच्या बाबतीत तिची दृष्टी अशी साफ आहे. फूल सुंदर दिसतं का, तर दिसतं. नवरी नटणार नाही तर कोण नटणार? पण म्हणून ते खुडून तांब्यात ठेवणं म्हणजे भर मांडवातून नवरीला उचलून शोकेसमध्ये ठेवण्यासारखं. श्रावणात टेकाडावर सोनकी फुलली, ओढ्याकाठी तेरडा फुलला की ती बांधावर हात मागे बांधून उभी राहते. "केवढी लग्ना," म्हणते. मला तिथं गुलाबी आणि पिवळा रंग दिसतो. तिला वऱ्हाड दिसतं.

सुरुवातीला मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका रविवारी मी कुंपणावरची बरीचशी फुलं खुडली, बेसनात बुडवली आणि कुरकुरीत भजी तळली. बार्शीकडे आम्ही करतो. शेजारधर्म म्हणून एक ताटली घेऊन तिच्याकडे गेले. तिनं एक भजं उचललं, उजेडात धरलं, आणि तिचा चेहराच पडला.

"बाय गं! नवरे तलून खाल्लेस!"

माझ्या ध्यानात येईपर्यंत तिनं कमलला हाक मारली, कमलनं शेजारणीला, आणि थोड्याच वेळात मी नवरे तळून खाणारी बाई म्हणून पाड्यावर ओळखली जाऊ लागले. आठवडे बाजारात अनोळखी बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत. शेवटी लाडकीबाईनंच तोड काढली. "सकालचे नको काढू. दुपार झाली का खुशाल तल. दुपारी नवरा कामाचा नसतो." तेव्हापासून मी दुपारी तळते. ती स्वतः मात्र कधी खात नाही. मी ताटली पुढे केली की म्हणते, "नको. वलखीचे हायत."

ओळखीचे, कारण ती प्रत्येक लग्नाला नावं देते. आजची नवरी खोडाळ्याची, नवरा वाशाळ्याचा, असं काहीतरी. कधी गावातल्या माणसांची नावं. आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कचं लग्न तिनं एका पावसाळ्यात कितीदा लावलं असेल कोण जाणे. तो बिचारा घरी बिनलग्नाचा आहे, हे तिला मीच सांगितलं होतं.

तिची सगळ्यात मोठी तक्रार मोगऱ्याबद्दल. पाड्याच्या वरच्या अंगाला दोघातिघांनी मोगऱ्याची वाडी केली आहे. मोगरा विकायचा तो कळी असताना, कारण उमललेल्या फुलाला मुंबईच्या बाजारात कुणी विचारत नाही. अंधार असतानाच बाया कळ्या खुडतात आणि टेम्पो भरून जातो. एवढ्या मोगऱ्याच्या वाडीत फूल म्हणून औषधाला सापडत नाही. लाडकीबाईला हे पटत नाही. आणि एकदा आमचे नवे साहेब पाड्यावर फेरीला आले असताना, तिच्या दारात थांबून त्यांनी सहज विचारलं, "काय आजी, काही तक्रार?"

"तक्रार हाय," लाडकीबाई म्हणाली. "त्या वरल्या वाडीतून कोवल्या नवऱ्या मुंबयला धाडतात."

साहेबांनी कान टवकारले. "कोवळ्या म्हणजे?"

"कोवल्या म्हंजे कोवल्या. उमलल्या पन नाय अजून. अंधारात काढतात नि गाडीत भरतात."

"आणि घरचे काही म्हणत नाहीत?"

"घरचेच तं काढतात!"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. नोकरीत नवीन होते, काहीतरी मोठं हाती लागलं असं त्यांना वाटलं असावं. एका हातानं ते खिशातला फोन शोधू लागले. मी मध्ये बोलायचा प्रयत्न केला, तर त्यांनी मला गप्प केलं.

"आजी, घाबरू नका. एका वेळी किती मुली नेतात?"

"कोन मोजत बसतो?" लाडकीबाई म्हणाली. "किलोवर नेतात."

साहेबांनी फोन परत खिशात ठेवला. त्यानंतर ते पाड्यावर पुष्कळदा आले, पण काही तक्रार आहे का, असं त्यांनी कुणालाही विचारलं नाही. लाडकीबाईला मी समजावलं की मोगऱ्यामुळे त्या घरांना दिवाळीनंतर भिवंडीकडे कामाला जावं लागत नाही. ते तिलाही ठाऊक होतं. "धाडू दे गं," ती म्हणाली. "पन झाडाला एखादी तं उमलू द्यावी."

अशी ही बाई. मी तिला एक विनोदी म्हातारी म्हणून मनाच्या एका कप्प्यात ठेवून दिलं होतं. घरी फोनवर तिचे किस्से सांगायचे, समोरच्यांनी हसायचं, मी हसायचं. त्यापलीकडे जायची मला गरज वाटली नव्हती. दुसऱ्या वर्षी होळीनंतर कमलच्या मुलीचं, शेवंतीचं लग्न ठरलं, तेव्हा ती गरज पडली.

शेवंती जव्हारला कॉलेजात शिकलेली, हसरी मुलगी. लहानपणापासून तिचा अर्धा दिवस लाडकीबाईच्या मांडवाखाली जायचा. मुलगा वांगणीचा, नाव दिनेश. लग्न वैशाखात. घरात याद्या, खरेदी, डीजेवाल्याची घासाघीस सुरू झाली. मी कमलला सहज म्हटलं, "गाण्याची तर तुमच्या शेजारीच सोय आहे."

कमल तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"तेच तं नाय होत, मॅडम," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते असं. इथल्या पाड्यांवर लग्न भटजी लावत नाही. धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाची गाणी येणारी बाई. ती नवरा-नवरीला समोर घेऊन गाते आणि तिच्या गाण्यानंच लग्न लागतं. लाडकीबाई या भागातली नावाजलेली धवलेरी होती. वावर-वांगणीपर्यंत तिला बोलावणं असायचं. पण धवलेरीला एक अट असते, तिचा नवरा हयात पाहिजे.

"माझ्या लग्नात तीच गात होती," कमल म्हणाली. "गाना अर्ध्यावर आला, नि तिकडून मानूस सांगत आला. तिच्या मानसाला पान लागला."

साप चावला असं इकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पाला गोळा करत होता, तिथंच गेला. मांडवात जुनी माणसं बाजूला झाली, कुजबुजली. अर्धं गायलेलं लग्न सोडलं तर नवरी ना इकडची ना तिकडची. त्यांनी ठरवलं, गाणं संपेपर्यंत हिला सांगायचं नाही. तिनं पूर्ण गायलं. सगळ्या मांडवाला ठाऊक होतं, एकट्या तिला नव्हतं. मग तिला सांगितलं.

"मंग मना पोर होईना," कमल म्हणाली. "बरीच वर्सं होईना. लोका बोलायला लागली. रांडमुंड बाईनं लावलेला लगीन, लागलाच नाय म्हनं. मी कवा नाय बोलले. पन तिनं आयकला. त्याच पावसात तिनं भोपला लावला नि त्याच्याम्होरं गायला लागली. धरतो का नाय बघत असल."

"पण मग शेवंती झाली ना!"

"झाली. आनून तिच्या मांडीवर ठेवली मी. तिनं बघितला, घेतला, नि दुसऱ्या दिवशी परत भोपला." कमलनं सूप पुन्हा हलवलं. "तुमी हसता तवा मी पन हसते. पन तिला गायला दुसरा हाय कोन?"

मला एकदम वाईट वाटलं. फोनवर सांगितलेले ते सगळे किस्से आठवले. लग्नाला धवलेरी खोडाळ्याकडची येणार होती. लाडकीबाईला कुणी टाळलं नव्हतं. अटच तशी होती आणि ती कमलनं केलेली नव्हती. तिनं विचारलंही होतं म्हणे, "गुपचूप दोन ओली म्हनशील कं?" तर लाडकीबाई म्हणाली, "पोरीच्या लग्नात इस्तवाशी खेलतेस? मी मागं बसून तांदूल निवडीन."

त्या उन्हाळ्यात तिनं एक नवीनच उद्योग आरंभला. मोखाड्याचा उन्हाळा म्हणजे विहिरी तळाला आणि टँकरची वाट. अशा दिवसांत भोपळा कुणी लावत नाही. तिनं लावला. आंघोळ ती वेलाच्या आळ्यात दगड टाकून उरकायची, भांडी तिथंच विसळायची, आणि माझ्याकडून तांदळाचं धुवण मागून न्यायची. वेल मांडवावर चढला, फुलांवर आला. पण उन्हाचा तडाखा असला की भोपळ्याला नुसते नवरेच येतात. रोज सकाळी दहा-बारा पिवळी पागोटी हजर, आणि नवरीचा पत्ता नाही.

"काय करू गं," ती वैतागून म्हणायची. "खोडाल्याच्या नाक्यावर पोरा उभी रहतात तशी रोज उभी."

"आजी, एवढी घाई काय आहे? पावसात येतील की नवऱ्या."

ती पानं उलटी करून बघत राहायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मांडवाच्या अगदी टोकाला, पानाआड, तिला एक नवरी सापडली. बुडाशी गोटी, वर घट्ट मिटलेली हिरवट कळी. उद्या उमलेल की परवा, सांगता येत नव्हतं. लाडकीबाईनं ओलं फडकं आणून तिच्या देठावर गुंडाळलं आणि कमलकडे डीजे आवाज तपासत होता तिकडे जाऊन त्याला दम दिला, "हालू वाजव. नवरी दचकल." त्याला वाटलं शेवंतीबद्दल बोलते आहे. त्यानं आवाज कमी केला.

सकाळी मी उठले तेव्हा वऱ्हाड आलेलं होतं. नवऱ्याकडच्या मंडळींना उतरायला माझी खोली दिली होती, त्यामुळे मी ओट्यावरच होते. दिनेश मागे तोंड धुवायला आला. लाजरा, उंच मुलगा, अंगाला हळद. त्यानं ब्रश तोंडात घातला आणि मला सवयीनं कुंपणापलीकडे बघावंसं वाटलं.

नवरी उमलली होती.

लाडकीबाई तिच्यासमोर उभी होती, हातात नवऱ्याचं फूल, पागोटं उतरवलेलं. पण ती गात नव्हती. नुसती उभी होती. तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून शेवंती आत शिरली. हळदीनं पिवळी झालेली, केस मोकळे. तिनं इकडेतिकडे बघितलं, दिनेशला हातानं खूण केली. तो गोंधळला. मग ब्रश खिशात घालून कुंपण ओलांडून गेला. दोघं वेलाच्या त्या टोकाखाली जाऊन उभी राहिली.

"कां आलास गं?" लाडकीबाईनं विचारलं.

"भोपल्याच्या लग्नाला आले," शेवंती म्हणाली. "मी काय कवा आले नाय?"

लाडकीबाईनं हातातलं फूल सावरलं. मग वेलाकडे तोंड करून म्हणाली, "आजच्या नवऱ्याचा नाव काय ठेवू?"

"दिनेश ठेव," शेवंती म्हणाली.

"नि नवरीचा?"

शेवंतीनं मान खाली घातली. काय नाव ठेवायचं ते लाडकीबाईला कळलं.

आणि ती गायली. त्या दोन ओळी तर होत्याच, पण त्या दोन ओळी म्हणजे नुसतं दार होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आत केवढं तरी होतं. तिनं वाऱ्याला बोलावणं धाडलं, पावसाला धाडलं, मातीला हळद लावली, बी रुजवलं, पानांचा मांडव घातला. त्या बिनगान्याच्या माश्यांनाही मानानं बोलावलं. तिचा आवाज रोजचा नव्हता. म्हातारीच्या अंगातून एक तरणी, भरदार बाई गात होती. तोंड वेलाकडे, पाठ त्या दोघांकडे. एकदाही वळली नाही. कोणी काय म्हणणार होतं? ती भोपळ्याचं लग्न लावत होती.

कमल मागच्या दारात आली. तिनं पाहिलं. मग वळून आत गेली आणि डीजेवाल्यावर विनाकारण ओरडली, की सकाळी सकाळी वाजवायला लागलास तर बघ. तो अजून झोपलेला होता.

गाणं संपलं. लाडकीबाईनं दांडा नवरीच्या फुलात फिरवला आणि बाजूला ठेवला. मी वाट बघत होते, पण नवरा एका सकाळचा हे वाक्य काही आलं नाही. "जावा आता," एवढंच म्हणाली. "तिकडं तुमचा लगीन हाय."

तिकडचं लग्नही व्यवस्थित लागलं. खोडाळ्याची धवलेरी छान गायली, डीजे वाजला, जेवणं झाली. लाडकीबाई मागे बसून तांदूळ निवडत होती. वऱ्हाडाचा टेम्पो निघाला तेव्हा शेवंती तिच्या पाया पडली आणि सगळ्यांसारखीच रडली.

त्यानंतर लाडकीबाई मांडवाच्या त्या टोकाकडे फिरकली नाही. पाणी घालायची ते लांबून. बाकीच्या वेलाची तपासणी रोज, तिथं नाही. चार-पाच दिवस झाले तशी ती माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली.

"बाय, तू बघून ये."

"तुम्हीच बघा ना."

"मना धीर नाय."

मी गेले. पान वर केलं. फूल सुकून तपकिरी झालं होतं, आणि त्याच्या बुडाशी मुठीएवढा भोपळा, पोपटी, अंगावर बारीक लव. मी तिथूनच ओरडले, "धरला, आजी!"

"नक्की?"

"या, हात लावून बघा."

ती आली नाही. होती तिथं ओट्यावर बसली. तिचे डोळे भरले होते आणि ते ती लपवत नव्हती.

"मंग कमलीचा पन लागला होता," ती म्हणाली.

शेवंती धडधाकट जन्मून, वाढून, लग्न होऊन वांगणीला नांदायला गेली होती. तरी हे वाक्य म्हणायला तिला त्या भोपळ्याची वाट पाहावी लागली. मला हसू आलं नाही. मी तिच्याजवळ बसले. 

ऊन चढलं, मांडवावरची फुलं मिटली. तिनं पदरानं तोंड पुसलं, वर बघितलं आणि म्हणाली, "जा, काढ ते नवरे. तल. मी पन खाईन आज."

मी भजी तळली. तिनं ताटलीतलं पहिलं भजं उचललं, या वेळी उजेडात धरलं नाही, सरळ तोंडात टाकलं. सावकाश चावून खाल्लं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ कमी झाला गं," ती म्हणाली, आणि दुसरं घेतलं.